एफएम: चांगल्या आवाजासाठी जन्मलेला रेडिओ

एफएम म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रिक्षा, जाहिराती, आरजेची बडबड आणि फिरून फिरून तीच गाणी. पण एफएम शोधला गेला तो स्वच्छ आवाजासाठी. मग मधे काय झालं? आजचा भाग त्यावरच.

सुरुवात अमेरिकेत. १९३० च्या आसपास रेडिओ म्हणजे एएम. त्यात आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची बदलते. गोची अशी की वीज कडाडली किंवा शेजारी मोटर सुरू झाली, की तीसुद्धा उंचीतच गडबड करते. म्हणून ती खरखर. एडविन आर्मस्ट्राँग या न्यूयॉर्कच्या इंजिनिअरने उंची कायम ठेवली आणि फ्रीक्वेन्सी बदलली. आता रिसीव्हरने उंचीतले चढउतार छाटून टाकले तरी आवाजाला धक्का लागत नाही, खरखर मात्र जाते. त्यासाठी त्याने एएमपेक्षा कितीतरी रुंद पट्टा वापरला, जे त्या काळच्या तज्ज्ञांच्या समजुतीच्या अगदी उलट होतं. डिसेंबर १९३३ मध्ये पेटंट मिळाली. १९३५ मध्ये त्याने इंजिनिअर्सना रेडिओवरून पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगळल्याचा आवाज ऐकवला. तोपर्यंत रेडिओवर असं काही कुणी ऐकलंच नव्हतं.

पण १९४५ मध्ये अमेरिकन सरकारी कमिशनने एफएमची जागा ४२-५० मेगाहर्ट्झवरून आजच्या ८८ च्या वरच्या पट्ट्यात हलवली. लोकांच्या घरातले जुने एफएम सेट एका फटक्यात निकामी! त्यात आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटचा खटला. पैसा संपला, घर मोडलं. ३१ जानेवारी १९५४ ला आर्मस्ट्राँगने आत्महत्या केली. त्याची बायको मॅरियन मात्र लढत राहिली. शेवटचा खटला तिने जिंकला तो १९६७ मध्ये.

दरम्यान १९६१ मध्ये अमेरिकेत एफएम स्टिरिओला मंजुरी मिळाली आणि ऑडिओफाइल मंडळींची चैन झाली. मॅरांट्झ १०बी, मॅकिंटॉश एमआर ७८ असे ट्यूनर आजही जुन्या बाजारात शोधले जातात. एक खरं सांगायला हवं: एफएम साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतच आवाज देतो, आणि सिग्नल कमजोर असेल तर स्टिरिओत सूं-सूं वाढते. आकड्यांत लॉसलेस स्ट्रीमिंग केव्हाच पुढे गेलंय. तरी चांगल्या अँटेनावर, थेट मैफल ऐकताना एफएम आजही कानाला सुखावतो.

मग रिक्षात तो असा का वाजतो? कारण स्टेशनला शेजारच्या स्टेशनपेक्षा मोठ्याने ऐकू यायचं असतं. म्हणून प्रोसेसर लावून हळू आवाज वर ओढतात, मोठा दाबतात. तबल्याची थाप आणि तिच्यानंतरची शांतता, दोन्ही एकाच पातळीवर येतात. शिवाय मूळ गाणंच एमपीथ्री असेल, तर ट्रान्समीटर तरी काय करणार? म्हणजे दोष तंत्राचा कमी, माणसांच्या निर्णयांचा जास्त. १९४५ मध्येही तेच झालं होतं.

आणि पुढे? नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचा एफएम बंद केला आणि डिजिटल रेडिओ आणला. आपल्याकडे १९७७ मध्ये मद्रासला एफएम आला, २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी स्टेशन. २०२३ मध्ये तर सरकारनेच मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवा असं कळवलं. कारण साधं आहे: पुरात मोबाइल नेटवर्क गेलं तरी, ट्रान्समीटर चालू असेल तोवर एफएम चालतो, आणि ऐकणारे एक असोत की दहा लाख, त्याच्यावर ताण येत नाही. डेटा नको, लॉगिन नको.

तेव्हा एक करा. फोनमध्ये एफएम असेल तर वायरवाला इअरफोन लावा, कारण ती वायरच अँटेना असते. रात्री आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत लागलं की दहा मिनिटं ऐका. कसं वाटलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!