अंड्यावरची नक्षी

मलेरिया हा शब्द मूळचा इटालियन. 'माल आरिया' म्हणजे वाईट हवा. दलदलीतल्या दूषित हवेने हा ताप येतो, अशी समजूत. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी पाहिले. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रास्सी यांनी माणसाचा मलेरिया ॲनोफिलीस डास पसरवतो हे दाखवलं. गोष्ट इथेच संपायला हवी होती. मला मात्र तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

युरोपात ॲनोफिलीस मॅक्युलिपेनिस हा डास जवळजवळ सगळीकडे होता. मलेरिया मात्र नव्हता. रोमजवळच्या पोंटाइन दलदलीत माणसं तापाने मरत. उत्तर इटलीत कित्येक ठिकाणी तेच डास, पण ताप नाही. मग डास निर्दोष म्हणायचा? दोन्हीकडचे डास तर दिसायला सारखेच!

कोडं सुटलं ते अंड्यांवरून. फाल्लेरोनी या इटालियन आरोग्य निरीक्षकाच्या लक्षात आलं, की एक मादी नेहमी एकाच नक्षीची अंडी घालते. १९२६ साली त्याने दोन प्रकारांना मेसेआ आणि लाब्रांका या आपल्या खात्यातल्या दोघांची नावं दिली. १९३०च्या दशकात हॅकेट, मार्टिनी आणि मिस्सिरोली यांनी ही नक्षी आणि मलेरियाचा नकाशा ताडून पाहिला. मेसेईला गुरांचं रक्त पसंत, लाब्रांकीला माणसाचंही चालतं. एक डास समजून ज्याच्यामागे लागले होते, त्या अनेक जाती निघाल्या. बिचाऱ्या लाब्रांकाचं नाव मात्र घातकी डासाला कायमचं चिकटलं!

आपल्या जळारांनाही हेच लागू आहे. पणजीसारख्या शहरात मलेरिया पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलीस स्टीफेन्साय. १९३७ साली स्वीट आणि राव यांनी त्याच्याही अंड्यांवरच्या रेघा मोजून वेगवेगळे प्रकार ओळखले. हा डास दलदलीत जात नाही. त्याला बांय, गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावर साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि तिथल्या शहरांनाही धोका निर्माण झाला.

वर्गीकरण हा पंडितांचा रिकामा उद्योग, असं कुणी म्हटलं की मला ही अंडी आठवतात. कुठला डास हे कळलं नाही, तर आपण शेतात औषध फवारत राहू आणि टाकीचं झाकण उघडंच राहील.