पिचलेला मणका

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विमानपुरा नावाची वसाहत आहे. नावाप्रमाणेच तिचे भाग्य विमानांशी जडलेले आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४० सालच्या डिसेंबरात, सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्या धाडसी उद्योगपतीने म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने ह्या शहरात विमानांच्या कारखान्याचा पाया घातला. पुढे १९५७ साली भारतीय हवाई दलाने वैमानिकांच्या शरीराचा अभ्यास करणारी एक संस्था बंगळुरातच स्थापन केली. ‘इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन’ ह्या नावाने ती आज ओळखली जाते. कारखान्याने धातूच्या यंत्राचा विचार करावयाचा आणि संस्थेने ते यंत्र चालविणाऱ्या माणसाचा, अशी ही जोडी आहे. ह्या दोन विचारांची गाठ ज्या ठिकाणी विशेष घट्ट पडते, ते ठिकाण म्हणजे वैमानिकाच्या पाठीतील मणका होय.

मणका पिचतो म्हणजे काय होते, हे प्रथम पाहावयास हवे. मानेचे सात, पाठीचे बारा आणि कमरेचे पाच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांस जुळून गेलेले असतात. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड चकतीसारखा असतो आणि शरीराचा बहुतेक भार तोच वाहतो. बाहेरून टणक दिसणारी ही चकती आतून मात्र जाळीदार असते. एखाद्या बत्ताशासारखे पातळ कवच आणि आत पोकळ्या अशी तिची रचना असते. चकतीच्या मागे असलेल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. वरून किंवा खालून आलेला दाब सहनशक्तीपलीकडे गेला, की चकतीची पुढची बाजू चेपते; मागची बाजू बहुधा टिकून राहते. चौकोनी वीट जाऊन तिच्या जागी पाचर यावी, तसा प्रकार होतो, आणि पाचरीवर रचलेली भिंत जशी पुढे झुकते तशी पाठही पुढे झुकते. हा भंग पाठीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यात अधिक आढळतो, ह्यालाही कारण आहे. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालचा लवचीक. ताठ आणि लवचीक ह्यांच्या सांध्यावरच ताण सर्वांत अधिक पडतो.

ह्या दुखण्याची ओळख मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. एडविन स्मिथ ह्या गृहस्थाने १८६२ साली इजिप्तमध्ये विकत घेतलेला एक वैद्यकीय पपायरस प्रसिद्ध आहे. इसवी सनापूर्वी सुमारे सोळाव्या-सतराव्या शतकात नकललेल्या त्या गुंडाळीत अठ्ठेचाळीस रुग्णांची वर्णने आहेत. त्यांतील तेहतिसावा रुग्ण डोक्यावर पडलेला आहे. त्याच्या मानेचा एक मणका दुसऱ्यात रुतला आहे. त्याचे हातपाय निर्जीव झाले आहेत. ह्या व्याधीवर उपचार नाही, असा निर्णय त्या अज्ञात वैद्याने दिला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने भंगांचे स्वतंत्र निदान सांगितले. पडणे, दाब बसणे, प्रहार होणे ही त्यांची कारणे तिने नोंदवली, निखळलेला सांधा आणि मोडलेले हाड असा भेद केला, आणि पाठीच्या किंवा मांडीच्या भंगात रोग्यास फळीवर निजवून, खुंट्यांच्या आधाराने निश्चल ठेवावे, असा उपचारही सांगितला. अडचण होती ती निराळीच. हाताचे मोडलेले हाड बोटांना लागते. मणक्याची चकती शरीरात इतकी खोल असते, की ती चाचपून पाहण्याचा मार्गच नव्हता. जे दुखणे दिसत नाही, त्याविषयी तर्क करण्यावाचून वैद्याला गत्यंतर नव्हते.

ह्या दृष्टीने १८९५ हे साल मोठ्या योगायोगाचे ठरले. त्याच सुमारास हेर्मान क्युमेल ह्या जर्मन शल्यवैद्याने काही चमत्कारिक रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. किरकोळ आघात व्हावा, चार दिवस पाठ दुखून थांबावी, मनुष्य कामाला लागावा, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पाठीला पोक यावे, असा तो प्रकार होता. आणि त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला वुर्ट्‌सबुर्ग येथे रंटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात पाचरीच्या आकाराचा मणका स्पष्ट दिसू लागला, तेव्हा त्याचे निदान अनुमानावरून प्रत्यक्षावर आले.

ह्यानंतरचे प्रकरण लिहिले ते विमानाने. विमानांचा वेग वाढला, तसे संकटकाळी कठड्यावरून उडी मारून बाहेर पडणे वैमानिकास अशक्य झाले. वाऱ्याचा झोत त्याला आसनात दाबून धरी किंवा शेपटीवर आपटी. म्हणून आसनासकट त्याला बाहेर फेकण्याची कल्पना पुढे आली. १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक हा जर्मन वैमानिक बर्फाने जखडलेल्या विमानातून अशा आसनाच्या योगे सुखरूप बाहेर पडला. ते आसन दाबलेल्या हवेवर चालत असे. इंग्लंडात जेम्स मार्टिन ह्यांनी स्फोटक काडतुसाचा अवलंब केला. २४ जानेवारी १९४५ रोजी बर्नार्ड लिंच हा त्यांचा कामगार प्रयोगाच्या मनोऱ्यावर अशा आसनात बसून वर उडाला आणि सुखरूप खाली आला. परंतु पुढील प्रयोगांत एका वार्ताहराने आसनावर बसण्याचे धाडस केले, तेव्हा त्याचा मणका पिचला.

दुसरा एखादा यंत्रज्ञ असता, तर त्याने धक्का कमी करून वेळ मारून नेली असती. मार्टिन ह्यांनी मानवी कण्याचाच अभ्यास आरंभला. त्यातून त्यांनी जे नियम काढले, ते आजही मननीय आहेत. धक्क्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एकवीस पटींपलीकडे जाता कामा नये. तो कमाल जोर सेकंदाच्या एक-दशांशाहून अधिक काळ टिकता कामा नये. तो एकदम न येता ठरावीक गतीने वाढत जावा. आणि धक्क्याच्या क्षणी मणके एकमेकांवर सरळ, सपाट बसलेले असावेत. उदाहरणादाखल पाहा. कमरेवरील शरीराचे वजन चाळीस किलो धरले आणि धक्का अठरा पटींचा धरला, तर त्या निमिषमात्रात कमरेच्या मणक्यावर सातशे वीस किलोंचा भार येतो. हा भार संपूर्ण चकतीवर सारखा वाटला गेला, तर तरुण मणका तो सोसतो. मान पुढे वाकलेली असेल, पट्टे सैल असतील, तर तोच भार पुढच्या काठावर एकवटतो आणि मणका चेपतो. आसनावर मऊ उशी घातली तर इजा कमी होईल, असे सामान्य माणसास वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. उशी दबेपर्यंत आसन वेग घेते आणि मग वैमानिकाला खालून आदळते.

हा सारा विचार बंगळुरास पोचणे अपरिहार्य होते. तेथील कारखान्यात नॅट जातीची चिमुकली लढाऊ विमाने तयार होऊ लागली. १७ जून १९६१ रोजी, कुर्ट टँक ह्यांच्या मार्गदर्शनाखाली रचलेले ‘मरुत’ हे भारतीय जेट विमान सुरंजन दास ह्यांनी बंगळूरच्या आकाशात प्रथम उडविले. पुढे नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना निघाला. जेथे अशी विमाने, तेथे उत्क्षेपक आसने. आणि जेथे अशी आसने, तेथे पिचलेल्या मणक्यांचा प्रश्न ओघानेच आला. आसनातून बाहेर पडून वाचलेल्या भारतीय वैमानिकांच्या कण्यांचा अभ्यास बंगळूरच्या संस्थेतील वैद्यांनी दशकानुदशके केला आणि आपल्या शास्त्रीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ह्या अभ्यासातून दृढ झालेली शिस्त लक्षात घेण्यासारखी आहे. आसनातून बाहेर पडलेला वैमानिक जमिनीवर उतरून चालू लागला, पाठ दुखत नाही म्हणाला, तरीही त्याच्या साऱ्या कण्याची छायाचित्रे घेतली जातात. कारण मणका पिचूनही वेदना नसणे हे अशक्य नाही. एक पिचलेला मणका सापडला तरी शोध तेथेच थांबत नाही. एकाच धक्क्यात दूरदूरचे दोन-तीन मणके दबलेले असू शकतात. चकतीचा मागचा काठ फुटून तुकडे मज्जारज्जूकडे सरकले आहेत काय, हे संगणकीय छेदचित्र सांगते. भंग ताजा की जुना, हे एम.आर.आय. सांगते, ताज्या भंगात हाडाच्या आतील सूज त्या चित्रात स्पष्ट उमटते. मणका भरून आला, पाठीचे बळ परत आले, अशी खात्री पटल्यावरच त्याला पुन्हा विमानात बसू देतात.

आता दृष्टी विमानतळाबाहेर वळवावी. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेला प्रवासी घ्या. गाडी गतिरोधकावरून वेगाने जाते. मागच्या चाकांमागील बाक उसळते. प्रवासी वर उडतो आणि खाली येणारा तो व वर येणारे बाक ह्यांची गाठ पडते. काडतूस नाही, हवाई छत्री नाही. परंतु मणका पिचण्याची रीत तीच. कोकणात नारळी-पोफळीवरून घसरणारा पाडेली, विहिरीत पडणारा मजूर, इमारतीच्या परातीवरून कोसळणारा गवंडी, ह्या साऱ्यांची कथा हीच. टाचांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल, तर त्याचा कणाही तपासावा, हा अस्थिवैद्यांचा जुना नियम आहे.

तथापि मणके पिचण्याचा मोठा वाटा अपघातांचा नाहीच. तो म्हातारपणी ठिसूळ होणाऱ्या हाडांचा आहे. मासिक पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या हाडांतील जाळी झपाट्याने विरळ होते, हे अमेरिकेतील फुलर ऑल्ब्राइट ह्यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिले. स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांचीही तीच गत होते. अशा हाडाला विमानाचा धक्का लागत नाही. पाण्याची कळशी उचलली, वाकून केर काढला, जोराची शिंक आली, एवढेही पुरते. पाठीच्या मध्यावर एकाएकी कळ येते. उभे राहिले वा चालले की ती वाढते, आडवे झाले की उतरते; खोकल्याने चमक मारते; कधी बरगड्यांवरून पुढे पोटाकडे येते, आणि मग पोटाचे औषध सुरू होते. मणक्यावर मुठीने हलके ठोकले असता रुग्ण कळवळतो. काहींना वेदना जाणवतही नाही; केवळ उंची कमी होते, लुगडे पायांत येऊ लागते. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल, किंवा ऐन उमेदीतील उंचीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंची घटली असेल, तर छायाचित्र काढणे शहाणपणाचे.

येथे वैद्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. पिचलेला प्रत्येक मणका ठिसूळपणामुळेच पिचला, असे गृहीत धरता येत नाही. आपल्या देशात क्षयाचे जंतू मणके पोखरतात, हे विसरून चालणार नाही. पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली ज्या कुबडाचे वर्णन केले ते हेच. क्षयाविरुद्धच्या राष्ट्रीय मोहिमेची आखणी करणारी राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ साली बंगळुरातच स्थापन झाली, हाही त्या शहराचा कण्याशी जडलेला दुसरा धागा. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, रात्री आडवे झाल्यावरही न थांबणारी वेदना ही लक्षणे क्षयाकडे किंवा कर्करोगाकडे बोट दाखवितात. क्षय दोन मणक्यांमधील गादीही बहुधा खातो. ठिसूळ हाडाच्या भंगात ती शाबूत राहते. पाय बधिर होणे, त्यांतील बळ जाणे, लघवी वा शौच ह्यांवरील ताबा सुटणे, ह्यांपैकी काही दिसले तर तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे. कारण तेव्हा प्रश्न मणक्याचा न राहता मज्जारज्जूचा झालेला असतो.

वैमानिक आणि वृद्धा ह्यांच्या मणक्यांत निसर्गाने भेद केलेला नाही. समाजाने मात्र केला आहे. वैमानिकाने तक्रार केली नाही तरी त्याचा कणा तपासला जातो. घरातील वृद्धेने तक्रार केली, तर ‘वय झाले, पाठ दुखायचीच’ असे तिला सांगितले जाते. मणक्यांचे सुमारे दोन-तृतीयांश भंग वैद्याच्या नजरेस येतच नाहीत, असे जगभरातील अभ्यासकांचे अनुमान आहे. हे दुर्लक्ष महागात पडते. ठिसूळपणाने एक मणका पिचलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रियांचा दुसरा मणका वर्षभरात पिचतो. ह्याउलट पहिला भंग वेळीच ओळखला, तर तो बहुधा दोन-तीन महिन्यांत भरून येतो, आणि हाडांची घनता मोजून औषध, आहार व व्यायाम ह्यांनी दुसरा टाळण्याची संधी मिळते.

बंगळूरच्या संस्थेने जी शिस्त हवाई दलाला घालून दिली तिचे सार एवढेच आहे, की न बोलणाऱ्या मणक्यालाही विचारून पाहावे. त्यासाठी विमान लागत नाही. तालुक्याच्या गावीही मिळणारे, बाजूने घेतलेले एक साधे क्ष-किरण छायाचित्र पुरते. आणि त्याच्या आधी, पाठ वाकत चाललेल्या माणसाकडे लक्ष गेलेले असावे लागते.