रेल्वेचे घड्याळ आणि तेलाचा थेंब

चावीच्या घड्याळाची अचूकता ते किती सेकंदांनी पुढे किंवा मागे जाते यावर जितकी ठरते, त्याहून अधिक ते रोज तेवढ्याच सेकंदांनी पुढे-मागे जाते की नाही यावर ठरते. कारण हा रोजचा फरक, म्हणजेच घड्याळाची चाल, स्थिर असेल तर तो हिशेबातून वजा करता येतो, अस्थिर असेल तर त्यावर कोणताही उपाय चालत नाही. जहाजांवरच्या क्रोनोमीटरसाठी मान्य झालेला हा दंडक सामान्य कामगाराच्या खिशात आणला तो अमेरिकेतील रेल्वेने. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन येथे टपालगाडी आणि प्रवासी गाडी यांची समोरासमोर टक्कर झाली, आणि एका गाडीच्या चालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा सुरू झाले होते, असे तिचे कारण सांगितले गेले. त्यानंतर क्लीव्हलँडचे जव्हेरी वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीची व्यवस्था सोपवण्यात आली.

पुढे रूढ झालेल्या नियमांनुसार घड्याळात आठवड्याला तीस सेकंदांहून अधिक फरक चालत नसे, त्यात किमान सतरा ज्वेल, म्हणजे घर्षणाच्या जागी बसवलेले कठीण खडे, असावे लागत, आणि ते पाच निरनिराळ्या स्थितींत जुळवलेले असावे लागे. काटे फिरवण्यासाठी काचेची कडी उघडून आतली बारीक कळ ओढावी लागे, जेणेकरून चावी देताना वेळ चुकून बदलू नये. कर्मचाऱ्याने घड्याळ ठरावीक मुदतीने निरीक्षकाला दाखवायचे आणि आढळलेला फरक कार्डावर नोंदवून घ्यायचा, अशी पद्धत होती.

मात्र या साऱ्या शिस्तीचा भार अखेर तेलाच्या थेंबावर होता. एकोणिसाव्या शतकात घड्याळाचे उत्तम तेल पॉर्पोइज नावाच्या लहान सागरी सस्तन प्राण्याच्या जबड्यातील चरबीपासून काढत, आणि मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड हे त्याचे प्रसिद्ध केंद्र होते. थंडीत तेल गोठू देऊन घट्ट भाग गाळून टाकत, म्हणजे उरलेले तेल कडाक्याच्या हिवाळ्यातही पातळ राही. तरीही प्राणिज तेल कालांतराने दाट होऊन चिकट बने, आणि कृत्रिम तेले येईपर्यंत या दोषावर वारंवार साफसफाई करण्यावाचून इलाज नव्हता.

दाट तेलाने चाल का बिघडते, हे नीट पाहण्याजोगे आहे. घड्याळ आडवे ठेवले असता बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे डोलणारे चक्र, आपल्या आसाच्या गोलसर टोकावर फिरते, उभे धरले असता आसाच्या बाजूवर टेकून फिरते, आणि या दुसऱ्या स्थितीत घर्षण जास्त असल्याने डोलण्याचा पल्ला मुळातच कमी होतो. तेल दाटले की पल्ला आणखी आखडतो, चक्राच्या तोलातील बारीक उणीव उघडी पडते, आणि टेबलावर बरोबर चालणारे घड्याळ खिशात वेगळी वेळ दाखवू लागते. म्हणूनच सर्व्हिसिंगनंतर पाहायचे ते या दोन स्थितींमधला फरक कमी झाला की नाही हे. १९३० नंतर टिकटिक ऐकून चाल कागदावर उमटवणारी यंत्रे दुकानांत आली, त्यापूर्वी कारागीर दुरुस्त घड्याळ कित्येक दिवस उभे-आडवे ठेवून भिंतीवरील खात्रीच्या घड्याळाशी ताडत असत. यंत्राने हे काम काही मिनिटांवर आणले खरे, परंतु ते त्या क्षणाचीच चाल सांगते. चावी उतरत आल्यावर रात्री उशिरा काय होते, हे जुन्या पद्धतीतच कळे.

आज अशा घड्याळाची नीट सर्व्हिसिंग झाली, तर आठवड्याला अर्ध्या मिनिटाची जुनी मर्यादा पाळण्याची अपेक्षा ठेवता येते, मात्र त्यासाठी आसांची टोके झिजलेली नसावीत आणि पोलादी हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला परत खेचणाऱ्या बारीक वेटोळ्याला, चुंबकत्व लागलेले नसावे. चुंबकत्व काढून टाकता येते. पण झिजलेल्या आसाला नव्या तेलाने काही काळच झाकता येते, आणि असा आस पुन्हा घासून किंवा बदलूनच चाल स्थिर होते.