समोरची खिडकी

आमच्या यवतमाळच्या घरी मार्च लागला की कूलर बाहेर निघतो. ताट्या बदलायच्या, मोटर तपासायची, आणि मग आईचं ठरलेलं वाक्य : "समोरची खिडकी उघडी ठेव रे." ती बंद असली की खोली नुसती दमट होते, गारवा येत नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. आतल्या हवेला जायला वाट हवी.

फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती-यवतमाळकडे करोनाचे रुग्ण पुन्हा वाढले, तेव्हा मी नव्या नोकरीचं काम घरूनच करत होतो. आम्ही भाजी धूत होतो, दाराची कडी पुसत होतो. हवेचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. बंद खोलीतली हवा रोग पसरवते, हे माणसाला कळलं कधी आणि कळूनही तो विसरला कसा, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. कोंदट घरांतली दूषित हवा हेच रोगाचं मूळ, अशी तेव्हा अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून घरांना चुना फासला, जंतुनाशकं फवारली, ऊन-वारा आत यावा म्हणून छपरांची कौलं काढली. १८९८मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं, की गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. म्हणजे कौलं उगाचच गेली.

पण त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं उजेड-वाऱ्याचा आग्रह सोडला नाही. पुढे त्यातून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. खिडकीच्या तळापासून या कोनात रेषा काढायची. समोरची इमारत तिच्या वर जाता कामा नये. या कोनाचा टॅन्जंट जवळपास दोन. थोडक्यात, इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी.

प्लेगवर चुकलेला हा उपाय क्षयावर मात्र लागू पडणारा होता. त्याचा पुरावा १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरला मिळाला. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळांमधून गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णाशी संबंध फक्त हवेचा. तरी गिनीपिगांना संसर्ग झाला. ज्यांच्याकडे जाणारी हवा अतिनील किरणांखालून सोडली होती, ते वाचले. खोकल्यातले बारीक थेंब सुकून हलके होतात आणि खोलीत तरंगत राहतात. हवा जितकी बदलेल, तितके ते विरळ होतात.

त्याच सुमारास, १९५९मध्ये, मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं, की घरी औषधं घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. गरिबांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण मला वाटतं, सॅनेटोरियमबरोबर आपण त्याच्या खिडक्याही मोडीत काढल्या.

मुंबईत लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. सात-आठ मजली इमारती आणि मध्ये साधारण तीन मीटरची फट. जुन्या नियमानं तिथं दहा-बारा मीटर मोकळे हवे होते. तिथल्या घरांत ऊन-वारा पोचत नाही आणि क्षयाचं प्रमाण जास्त आहे, असं २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. शंभर वर्षांपूर्वी चुकीच्या कारणानं केलेला बरोबर नियम आपण कारण कळल्यावर सैल केला. जागा महाग होती, आणि राहणारे गरीब होते.

यंदा आमच्या घरी एसी बसला. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. पहिल्या दिवशी आईनं सवयीनं समोरची खिडकी उघडली. मीच उठून ती लावली.