इंदुलेखेचा नकार

प्रेमाच्या कादंबरीकडे चळवळीतला माणूस संशयाने पाहतो. पोट भरलेल्यांची ती करमणूक, असे म्हणून आपण पुस्तक बाजूला सारतो. मीही सारीत असे. ज्याच्या घरात पुस्तक पहिल्यांदा त्याच्याच हाताने आले, तो कामाचे तेवढेच वाचतो. पण ओ. चंदु मेनन यांच्या ‘इंदुलेखा’ या मल्याळी कादंबरीने माझे हे मत बदलायला लावले.

ही कादंबरी १८८९ ची. मेनन मलबारात मुन्सफ होते. नंबुद्री ब्राह्मणांच्या घरात थोरल्या मुलानेच सजातीय लग्न करायचे आणि धाकट्यांनी नायर स्त्रियांशी ‘संबंधम्’ ठेवायचा, अशी तेथील रीत होती. त्या संबंधातील मुले आईच्या घरची. बापाच्या इस्टेटीत त्यांना वाटा नाही. नाव धर्माचे असले तरी ब्राह्मणाची जमीन अखंड राहावी, अशी ही तजवीज होती.

या तजविजीला एक मुलगी नाही म्हणते. इंदुलेखा इंग्रजी आणि संस्कृत शिकलेली आहे. तिचे प्रेम माधवनवर. घराचा कर्ता पंचु मेनन मात्र रागाच्या भरात तिला एखाद्या नंबुद्रीला देण्याची शपथ घेतो आणि सूरी नंबुद्री थाटामाटात येतो. इंदुलेखा त्याला हसण्यावारी नेते. ज्याच्यापुढे सारे घर वाकते, त्या ब्राह्मणाला ती हास्यास्पद करून परत पाठवते. मलबारच्या स्त्रियांना निष्ठा नसते असा टोमणा खुद्द माधवन मारतो, तेव्हा ती त्यालाही सोडत नाही. नवरा सोडण्याची मोकळीक म्हणजे बदफैलीपणा नव्हे, हे ती प्रियकराला सुनावते. प्रेम म्हणजे केवळ होकार नव्हे. नकाराचा अधिकार हा त्याचा पाया आहे, हे या कादंबरीने दाखवले. तिचे मोठेपण नाकारणे हा आपलाच करंटेपणा ठरेल.

पण सूरी रिकाम्या हाताने परतत नाही. त्याच घरातली कल्याणिकुट्टी त्याच्या गळ्यात बांधली जाते. तिला कोणी विचारीत नाही. तिला इंग्रजी येत नाही आणि लेखकही तिच्यापाशी फार थांबत नाही. इंदुलेखेच्या नकाराची किंमत दुसऱ्या एका मुलीने मोजली, हे वाचकाच्या ध्यानात राहिले पाहिजे.

आणि त्या घराची भातशेती पिकवणारे पुलया? १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा कोर्टातला आधार काढून घेतला होता; तरीही सवर्णांपासून ठरावीक अंतर राखूनच पुलयाला चालावे लागे. ज्याची सावलीही दूर ठेवायची, त्याच्या प्रेमाची गोष्ट या दिवाणखान्यात येणार कशी?

तिचे उत्तर तीनच वर्षांनी आले. १८९२ साली पोथेरी कुंजंबू यांची ‘सरस्वतीविजयम्’ प्रसिद्ध झाली. कुंजंबू जातीने तिय्या, म्हणजे अवर्णच. कण्णूरला वकिली करीत आणि पुलया मुलांसाठी त्यांनी शाळाही काढली होती. त्यांचा मरत्तन हा पुलया मुलगा. गाणे म्हटले म्हणून कुबेरन नंबुद्रीच्या हुकमाने त्याला मारहाण होते आणि तो मेला असे सर्व समजतात. पण तो निसटतो, मिशनऱ्यांकडे शिकतो, येशुदासन या नावाने न्यायाधीश होतो. त्याच्याच खुनाचा खटला त्याच्यापुढे चालतो. शेवटी तो नंबुद्रीच्याच नातीशी, सरस्वतीशी लग्न करतो. सरस्वती म्हणजे विद्या, आणि सरस्वती म्हणजे ही मुलगीही.

इंदुलेखेला प्रेम करण्यासाठी फक्त नाही म्हणावे लागले. मरत्तनला आधी जिवंत राहावे लागले, मग अक्षर गाठावे लागले, मग न्यायासन. तेव्हा कुठे लग्नाची गोष्ट निघाली.

सजातीय विवाह हे जातीचे मूळ यंत्र आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात मांडले आणि १९३६ मध्ये आंतरजातीय विवाह हा त्यावरचा खरा उपाय म्हणून सांगितला. त्या यंत्राच्या दोन वेगळ्या बाजूंना या दोन कादंबऱ्यांनी हात घातला आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : ‘इंदुलेखा’ वाचा, मनापासून दाद द्या, पण ती मिटल्यावर कल्याणिकुट्टीला विसरू नका, आणि पुढचे पुस्तक ‘सरस्वतीविजयम्’ घ्या. आजही जात मोडून लग्न करणाऱ्या पोरापोरींचे खून पडतात. त्यांच्या प्रेमाचा इतिहास आपण नाही वाचायचा, तर कोणी वाचायचा?