शनिवार तेल्यांचा रस्ता

बोरीवलीहून जुन्या मुंबईच्या बाजारांत जावयाचें म्हणजे दादरला गाडी बदलून मशीद स्टेशनावर उतरावें लागतें. ही मशीद कोणती, असें आम्हीं पुष्कळ सुशिक्षितांना विचारून पाहिलें आहे. उत्तर बहुधा ठरलेलें असतें: शेजारीं मुसलमानांची दाट वस्ती आहे, तेव्हां त्यांचीच एखादी असावयाची. परंतु स्टेशनाचें हें नांव यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरावरून पडलें असें सांगतात, आणि ही व्युत्पत्ति आम्हांस ग्राह्य वाटते. कारण कोंकणांतील बेने इस्राएल लोकांच्या तोंडीं प्रार्थनामंदिराला 'मशीद' हाच शब्द होता. ज्या रस्त्यावर हें मंदिर उभें आहे त्याचें नांव सॅम्युएल स्ट्रीट. हा सॅम्युएल कोणी इंग्रज साहेब नव्हे. तो दिवेकर होता.

बेने इस्राएलांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याला फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. या कथेचा काळ ठरवितांना पंडितांनीं शतकांची ओढाताण केली आहे. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. इतकें खरें कीं, हे लोक कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं घाणा चालवीत, शनिवारीं तो बंद ठेवीत, आणि म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनांवेंही त्यांनीं गांवांवरूनच घेतलीं: पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर.

अठराव्या शतकांत कंपनी सरकारच्या पलटणींनीं यांतील पुष्कळांना मुंबईस ओढलें. घाण्यापेक्षां पगार निश्चित, आणि मागें पेन्शनही. अशांपैकींच एक सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल एझेकिएल. इंग्रज आणि म्हैसूरकर यांच्यामधील दुसऱ्या युद्धांत (१७८० ते १७८४) ते टिपूच्या हातीं सांपडले. आख्यायिका म्हणते कीं, कैद्यांनीं आपली जात 'बनी इस्राएल' सांगतांच टिपूच्या आईला कुराणांतील नांव आठवलें आणि तिनें रदबदली करून त्यांचा जीव वांचविला. आईची गोष्ट पुराव्यानें सिद्ध करणें कठीण. परंतु सुटकेबद्दल केलेला नवस दिवेकरांनीं १७९६ सालीं फेडला, ही गोष्ट दगडाविटांत उभी राहिली. त्या मंदिराला त्यांनीं 'शार हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार, असें नांव दिलें. पुढल्याच वर्षीं धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्याकरितां ते कोचीनला गेले आणि तेथेंच वारले.

एका इमारतीनें वस्ती कशी बनते, हें येथें फार चांगलें दिसतें. शब्बाथ दिवशीं यहुद्याला वाहनांत बसतां येत नाहीं. मंदिरास पायींच गेलें पाहिजे. शिवाय सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. साहजिकच घर शोधावयाचें तें मंदिराच्या हांकेच्या अंतरावर. कोंकणांतून आलेला नवा माणूस प्रथम येथेंच बिऱ्हाड करी, आणि आसपासचा भाग इस्राएल मोहल्ला म्हणून ओळखला जाऊं लागला. १८४० सालीं जवळच दुसरें मंदिर झालें, तेव्हां पहिली ती जुनी मशीद व दुसरी नवी मशीद ठरली. जुन्या मशिदीची सध्यांची वास्तु १८६० ची आहे. मूळची जागा जवळच होती.

आमच्यासारख्या मराठी वाचकाला या मोहल्ल्याची खरी ओढ भाषेची वाटते. ह्या लोकांना हिब्रू अक्षरओळख करून घ्यावयाची ती मराठीच्या द्वारें! जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यानें १८३२ सालीं त्यांच्याकरितां हिब्रू व्याकरण मराठींत लिहिलें. त्याचा हेतु धर्मांतराचा होता, पण शिष्यांनीं व्याकरण घेतलें आणि धर्म आपला तो ठेवला. १८४६ त वल्हांडण सणाची पोथी हिब्रू व मराठींत शिळाछापावर निघाली. पुढें जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनीं प्रार्थना मराठींत आणल्या. १८८० च्या सुमारास तर या मंडळींनीं आपल्या हरिदासांचें कीर्तनच उचललें: तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, मात्र आख्यान योसेफाचें किंवा मोशेचें. हाइम सॅम्युएल केहिमकरांनीं १८७५ त समाजाची शाळा काढली आणि १८९७ त इतिहासाचा ग्रंथ पुरा केला; तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. त्याच सुमारास, १९३७–३८ मध्यें, मुंबईच्या महापौरपदावर डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ होते.

सुस्थितींतलीं कुटुंबें माझगांव, भायखळा, जेकब सर्कल इकडे पसरलीं. १९४८ नंतर इस्राएलकडे ओघ सुरू झाला. तेथील धर्माधिकाऱ्यांनीं यांच्या विवाहांविषयीं शंका काढल्या, आणि शनिवार पाळल्यामुळें ज्यांना वेगळें नांव पडलें त्यांनाच आपण यहुदी आहों हें सांगत १९६४ पर्यंत झगडावें लागलें. आमच्या मतें कोंकणांतल्या शेजाऱ्यांनीं त्यांना अधिक अचूक ओळखलें होतें. महाराष्ट्र सरकारनें या समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा २०१६ सालीं दिला. तोंवर देण्याजोगे लोक थोडे उरले होते.

आज सॅम्युएल स्ट्रीटवर हातगाड्या, गोणी आणि हमाल यांच्या गर्दींतून वाट काढावी लागते. मशिदीच्या भिंती शाबूत आहेत. खोळंबा होतो तो दहाव्या माणसाकरितां. मोहल्ल्याची मराठी मात्र लोद, अश्दोद, दिमोना या गांवीं गेली, आणि तिकडे त्या लोकांनीं एक मराठी नियतकालिक काढलें. त्याचें नांव त्यांनीं ठेवलें 'मायबोली'.