कॅम्पर व्हॅन : विजेचा हिशेब आणि थंडीची अट

झोपण्याची, स्वयंपाकाची व साठवणीची सोय असलेले वाहन म्हणजे कॅम्पर व्हॅन. वीजजोडणीपासून दूर मुक्काम करायचा, तर तिच्यात स्वतंत्र बॅटरी हवी. इंजिनाच्या बॅटरीवर दिवे-पंखे चालवल्यास सकाळी गाडीच सुरू न होण्याची शक्यता असते.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास ऊर्जा मावते. शिसे-आम्ल प्रकारात आयुष्य टिकवण्यासाठी त्यातील निम्मीच वापरावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बरीच रिकामी करता येते. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास तिची कायमची हानी होते. त्यामुळे लडाख वा स्पीतीतील गोठवणाऱ्या सकाळी सौर पॅनेलवर ऊन असूनही उपयोग नसतो. बॅटरी व्हॅनच्या आतच, उबेत बसवणे शहाणपणाचे.

सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. प्रेशर कुकरविना डाळ शिजता शिजत नाही. ऊब मिळवण्यासाठी बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवणे मात्र जीवघेणे ठरते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांवर निर्बंध घालते. आसने काढून पलंग-ओटा पक्का बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी.